उर्फ वहिनी

राग वहिनीकडे येत-जात नसे. तो तिच्याकडे कायमच्या वास्तव्यालाच होता. त्यासाठी त्याने कुठे अर्ज केला नव्हता, फोटो दिले नव्हते, की कुणाच्या काचेसमोर तो कमरेत वाकला नव्हता. सकाळी दुधाच्या बाटलीचं झाकण सरळ उघडलं नाही की तो आळोखेपिळोखे देत उठे, डोळ्यांदेखत बस निघून गेली की कपडे करून तयार होई, आणि दुपारपर्यंत जगात चाललेल्या बहुतेक गोष्टींवर त्याचं मत ठरलेलं असे. पण एक खरं. त्या रागाने आजवर कुणाचं वाईट केलं नव्हतं. ज्याच्यावर तो बरसे तो माणूस थोडा वेळ कान चोळी आणि मग वहिनीच्याच डब्यातले चार घास खाऊन कामाला लागे.

तशी ती खरी वहिनी एकाच माणसाची. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. पण काही नावं अंगाला अशी चिकटतात की ती खरवडून निघत नाहीत. ओळखीपाळखीचे सगळे तिला वहिनीच म्हणत. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारणीला आपल्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, तरी तीही जिन्यातून 'वाहिनी! वाहिनी!' अशी हाक देई, जणू काही ही बाई नसून बातम्यांचं चॅनल आहे. आवाजाचा विचार केला तर ते अगदीच चूक नव्हतं.

वहिनी कवळ्या बनवी. दंतवैद्यांना माल पुरवणाऱ्या एका कारखान्याच्या तळघरात तिचं टेबल होतं. समोरच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कुणी बोळकं, कुणी अर्धं बोळकं. त्यांच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, मागे सरून बघायचं, पुन्हा काढायचा, जरा तिरका करून पुन्हा बसवायचा. काम करता करता ती त्या जबड्यांशी बोले. "वेळच्या वेळी घासले असतेत तर ही पाळी आली असती का?" असं ती एखाद्या वरच्या जबड्याला विचारी, आणि तो बिचारा आ वासून ऐकून घेई. दिवसभर बडबडूनही उलट उत्तर न देणारे एवढे श्रोते जगात कुणालाच मिळाले नसतील. नवरा सोडून.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात आणि छपरावर गेल्यामुळे त्याचा स्वभावही तसाच झाला होता. वर गेलं तरी हरकत नाही, खाली आलं तरी हरकत नाही, मध्ये अडकलं तर घाबरायचं नाही, कुणीतरी येतंच. बहीण त्याला दादा म्हणायची म्हणून बाकीचेही दादाच म्हणत.

ही दोघं ह्या परक्या देशातल्या गावात आली तेव्हा त्यांची मुलगी कडेवर होती. तिचं घरातलं नाव गुंडी. सदऱ्याची गुंडी असते तेवढीशी होती म्हणून ठेवलेलं. पुढे तिची वागणूक बघता ते नाव गुंडाचं स्त्रीलिंग आहे की काय अशी शंका यावी. लवकरच दादाची बहीण शिकायला म्हणून त्यांच्याकडे येऊन राहिली. तिचे वर्ग संध्याकाळी, ह्या दोघांची कामं दिवसा. तेव्हा गुंडी दिवसभर आत्याच्या मांडीवर. आणि मूल ज्याच्या मांडीवर असतं त्याचीच भाषा उचलतं. "बघ बघ, दादा आला!" "सांडू नकोस हं, वहिनी ओरडेल!" असं दिवसभर कानावर पडल्यावर गुंडीने बापाला दादा म्हणायला सुरुवात केली आणि आईला वहिनी.

एकदा वहिनीने तिला समोर बसवून सांगितलंही होतं. "अगं, मी तुझी आई. म्हण बघू, आई."

गुंडीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मान हलवली. "नाही. वहिनी."

घरात हसू झालं. आणि एकदा हसू झालं की ती चूक सुधारायची राहूनच जाते. आत्या शिकून दुसऱ्या गावी नोकरीला गेली, पण तिने मागे ठेवलेल्या हाका तिथेच राहिल्या. पुढे पुढे तर दादाही लाडात आला की म्हणे, "वहिनी, चहा टाकू का?" वहिनी म्हणे, "टाका भाऊजी, आणि साखर बेताची." घरातला विनोद घरात. त्यात कुणाचं काय जात होतं?

तर अशा ह्या कुटुंबाची इथे राहायची मुदत संपत आली आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायची वेळ आली.

वहिनीच्या रागाला सुगीचे दिवस आले. पहिली ठिणगी फोटोंवरून पडली. फोटोत हसायचं नाही, असा नियम होता. ओठ मिटलेले हवेत, दात दिसता कामा नयेत.

"दात दिसता कामा नयेत?" वहिनीने फोटोवाल्याला विचारलं. "मग मी काय दिवसभर तळघरात बसून लोकांची सुपारी फोडायची सोय करते का? माणसाने हसावं म्हणून तर दात बनवते मी!"

फोटोवाला म्हणाला, नियम त्याने केलेला नाही. ते खरंच होतं. वहिनीच्या आयुष्यात ज्यांनी ज्यांनी नियम केले ते तिला कधीच भेटले नाहीत. भेटले ते सगळे नियम न केलेले. फोटो निघाले. दादा फोटोत नुकताच दात उपटून आल्यासारखा दिसत होता, गुंडी रुसल्यासारखी, आणि वहिनी? वहिनीचा फोटो बघून आपण होऊन दोन पावलं मागे सरावंसं वाटे.

दुसरी ठिणगी दादाची. अर्जात एक चौकोन होता: दुभाष्याची गरज आहे का? वहिनीला इथली भाषा चांगली बोलता यायची. भांडण्याइतकी चांगली, म्हणजे उत्तमच. दादालाही कामापुरती येत होती. पण चौकोनाच्या खाली लिहिलं होतं, ही सोय विनामूल्य आहे.

"फुकट आहे ना, मग असू दे," दादा म्हणाला आणि खूण करून मोकळा झाला.

ती एक खूण त्यांना किती महागात पडणार होती ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी तिघं नटूनथटून कचेरीत गेली. तिथल्या खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीला जखडलेल्या, त्यामुळे टोकाला कुणी दणकन बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस उचलला जाई. चौकशीच्या काचेला बोलायचं भोक पाडलं होतं ते कमरेच्या उंचीला. कितीही ताठ मानेचा माणूस असो, तिथे वाकूनच बोलायचा. वहिनीने वाकायला साफ नकार दिला आणि उभ्यानेच काचेवर आवाज फेकला. आतल्या माणसाने कानावर हात ठेवून नंबर दिला.

आतल्या खोलीत एक अधिकारी बाई होती. तिचा चष्मा गळ्यात दोरीने बांधलेला होता, म्हणून वहिनीने मनातल्या मनात तिचं नाव दोरीवाली ठेवून टाकलं. दोरीवाली अतिशय सभ्य होती. पाणी विचारलं, गुंडीला कोपऱ्यातली खेळणी दाखवली. सभ्य माणसांची वहिनीला धास्तीच वाटे, कारण त्यांच्याशी भांडायला धरायचं कुठे तेच कळत नाही.

आणि बाजूला बसले होते दुभाषी. जाकीट घातलेले, केस तेल लावून बसवलेले, आपल्याच भाषेतले गृहस्थ. वहिनीला एवढा आनंद झाला की ती राग विसरली.

"अय्या, तुम्ही आपल्यातले! कधी आलात इकडे? मुलंबाळं?"

"खासगी संभाषणाची मला अनुमती नाही," दुभाषी म्हणाले. "आपण जे बोलाल त्याचा मी शब्दशः अनुवाद करेन. त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही."

त्यांचं बोलणं इस्त्री करून घडी घातल्यासारखं होतं. 

थोडे इकडचे तिकडचे प्रश्न झाले. मग दोरीवाली गुंडीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली आणि दादाकडे बोट दाखवून गोड आवाजात विचारलं, "हा कोण आहे?"

"दादा," गुंडी म्हणाली.

"थोरला भाऊ," दुभाष्यांनी इथल्या भाषेत सांगितलं.

दोरीवालीने चष्मा चढवला. "आणि ही?"

"वहिनी."

"भावाची बायको."

हिशेब कसा चोख जुळत होता! भाऊ, भावाची बायको. कुठे शंकेला जागा नाही, हीच तर आफत. दोरीवालीचा आवाज आणखीच गोड झाला. "मग तुझी आई कुठे आहे?"

गुंडी विचारात पडली. आई हा शब्द तिला माहीत होता, पण तो आत्याने सांगितलेल्या गोष्टीतला. "आई गोष्टीत असते," ती म्हणाली. "सशाची आई. ती गाजरं आणायला गेली."

दुभाष्यांना हे सांगणं जड गेलं. पण घालणार नाही, गाळणार नाही, हे त्यांचं ब्रीद. त्यांनी घसा साफ केला. "आई एका गोष्टीत आहे. ती गाजरे आणण्यास गेली आहे."

दोरीवालीने तेही लिहून घेतलं.

दादाला हसू आवरेना. वहिनी मात्र खुर्चीच्या टोकावर आली. "अहो बाई, आम्ही तिचे आईबाप आहोत! ती आम्हाला अशीच हाक मारते!" ती इथल्याच भाषेत ओरडली.

"आपण दुभाषी मागितला आहे," दोरीवाली म्हणाली. "तेव्हा कृपया त्यांच्यामार्फत बोला. आणि मला सांगा, तुम्ही तुमच्या पतींना काय म्हणता?"

"अहो म्हणते."

दुभाषी म्हणाले, "पत्नी पतीला कोणत्याही नावाने हाक मारत नाही. ती केवळ लक्ष वेधते."

"दुभाषीसाहेब!" वहिनीचा चेहरा लाल झाला. "सांगा ना त्यांना नीट! तुम्हाला ठाऊक नाही का आपल्यात कसं असतं ते?"

"आपल्यात कसं असतं, ते तुम्हाला ठाऊक नाही का, असं ह्या मला विचारत आहेत," दुभाष्यांनी सांगितलं.

"त्यांना नका सांगू, मी तुम्हाला विचारतेय!"

"त्यांना सांगू नका, असं ह्या म्हणतात."

दोरीवालीची भुवई वर गेली. वहिनी खुर्चीतून उठली, आणि खुर्ची मागे आपटली. तेवढ्यात, बायकोला आवरायला म्हणून, अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना आयुष्यभर धीर देत आलेला दादा सवयीने बोलून गेला, "वहिनी, जरा शांत हो ना."

 दुभाषी छताकडे बघत म्हणाले, "पतीने आत्ता पत्नीला भावाची बायको म्हणून संबोधलं."

दोरीवालीचं पेन थांबलं.

पुढचं सगळं तिने अतिशय सभ्यपणे सांगितलं. जन्माचा दाखला पाहिला आहे, पण तो दुसरीकडचा आहे आणि त्यावरचा शिक्का पुसट आहे. कागदावर काहीही लिहिता येतं. मूल कुणी न पढवता जे बोलतं ते खरं मानायचं, असा इथला शिरस्ता आहे. रक्ताची तपासणी करता येते, पण त्याची रांग एवढी लांब आहे की नंबर लागेपर्यंत त्यांची मुदत संपून जाईल.

"रक्त कशाला, थुंकी चालत असेल तर आत्ता देते!" वहिनी म्हणाली. दादाने तिचा हात दाबून धरला, म्हणून थुंकी जागेवरच राहिली.

एक भेट आणखी मिळेल, दोरीवाली म्हणाली. तेव्हाही नातं स्पष्ट झालं नाही, तर मोठ्या दोघांचा अर्ज वेगळा होईल आणि मुलीचा वेगळा. मुलीला तिच्या खऱ्या आईवडिलांकडे परत पाठवण्याची व्यवस्था करावी लागेल.

"कुठे पाठवणार?" वहिनीने विचारलं. "गाजराच्या शेतात?"

ह्याचा अनुवाद करायला मात्र दुभाष्यांनी जरा वेळ घेतला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर वहिनीला जे बोलायचं होतं ते सगळं एकदम दारात येऊन अडकलं आणि बसथांब्यापर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. दादा घाबरला. बायको ओरडत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे. गुंडी मात्र त्या दोघांची बोटं धरून झोके घेत होती, आणि तिचे पाय हवेत गेले की खिदळत होती.

घरी आल्यावर बांध फुटला. "नियमावर नियम दाखवतो मेला! तेल लावून बसलाय! एवढा आपला माणूस समोर असून एक शब्द बोलला नाही! आणि ती दोरीवाली, पाणी हवं का म्हणे! माझी पोर घेऊन जायला निघालीय आणि वर पाणी विचारते!"

"सगळं माझ्यामुळे झालं," आत्या फोनवर रडली. "माझीच जीभ नको तिथे वळली."

"तुझ्या जिभेला कशाला दोष देतेस वन्सं," वहिनी म्हणाली. "तू होतीस म्हणून पोर मोठी झाली. तुझ्या दादाने चौकोनात खूण केली नसती तर?"

"फुकट होतं म्हणून..." दादा पुटपुटला.

"गप्प बसा!"

मग गुंडीची शिकवणी सुरू झाली. जेवणानंतर तिला स्टुलावर बसवायचं. ही कोण? आई. हे कोण? बाबा. बरोबर आलं की एक बिस्किट. गुंडीला खेळ भलताच आवडला, कारण पूर्वी वहिनीला वहिनी म्हटल्याबद्दल तिला कुणी कधी काही दिलं नव्हतं. लवकरच ती मधूनमधून स्वयंपाकघरात डोकावून, उगाच, "आई!" म्हणे आणि हात पुढे करी.

वहिनी बिस्किट देई, आणि मग भांड्यांवर झाकणं आपटे. स्वतःच्या पोटच्या पोरीला, मी तुझी आई आहे, हे पाठ करून घ्यायचं? पाढे म्हणून घेतात तसं? आणि तेही तिला आपल्या मांडीवरून उचलून नेऊ नये म्हणून! ताप आला तेव्हा रात्रंदिवस हिला खांद्यावर घेऊन कोण फिरलं? हिच्या पायाला लागलं की स्वतःच्या पायाला लागल्यासारखं कोण ओरडतं? हे सगळं वहिनीने केलं, आणि आता वहिनीलाच घराबाहेर काढून आई नावाच्या कुणा बाईला तिच्या जागी बसवायचं. ती बाई वहिनीला मुळीच आवडली नव्हती. ती फक्त बिस्किटावर आलेली होती.

कारखान्यातही तिचं चित्त लागेना. एके दिवशी मालकाने तिने बसवलेली कवळी दिव्याखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"दात सगळे जागेवर आहेत," तो म्हणाला. "पण हा म्हातारा ही घालून हसला तर शेजारी पोलिसांना बोलावतील. घरी काय चाललंय?"

वहिनीने त्या कवळीचं मेण वितळवलं आणि पहिल्यापासून सुरू केली. प्लॅस्टरच्या जबड्यांना ती त्या दिवशी काही बोलली नाही. तेही गोंधळून गेले असावेत.

दुसऱ्या भेटीला तीच खोली, तीच दोरी, तेच जाकीट. पाणी विचारून झालं. दोरीवाली गुंडीपुढे वाकली, आणि तिने तोंड उघडायच्या आत गुंडी पाय जुळवून उभी राहिली, हात मागे घेतले आणि बक्षीस समारंभात म्हणावं तशा सुरात म्हणाली, "ही माझी आई आहे. हे माझे बाबा आहेत. मी त्यांची मुलगी आहे."

दादाने सुटकेचा निःश्वास टाकला. लिफ्ट हलली एकदाची.

दुभाष्यांनी अनुवाद केला. दोरीवालीने मान डोलावली. "छान. हे तुला कुणी शिकवलं?"

"वहिनीने," गुंडी अभिमानाने म्हणाली. मग दोरीवालीच्या हातांकडे बघत तिने विचारलं, "बिस्किट?"

हे सगळं, शेवटच्या बिस्किटासकट, दुभाष्यांनी शब्दशः पोचवलं. दोरीवालीने चष्मा काढला. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "मला असं सांगायला आवडत नाही," ती म्हणाली, "पण मुलीकडून हे पाठ करून घेतलेलं आहे."

वहिनीचा राग एवढा चढला की तो पार दुसऱ्या बाजूने खाली उतरला. ती ओरडली नाही. तिने पदर सारखा करावा तसे खांदे सारखे केले, खुर्ची दुभाष्यांकडे वळवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "दुभाषीसाहेब, मी जे बोलेन ते तुम्ही शब्दशः सांगणार. हो ना?"

"ते माझं कर्तव्य आहे."

"मग माझा एक प्रश्न आहे. तो तुम्हालाच आहे. त्यांना सांगा. मी दुभाषीसाहेबांना विचारते की तुम्ही तुमच्या आईला काय हाक मारायचात?"

दुभाषी जाकिटाची बटणं चाचपू लागले.

"काही गाळणार नाही म्हणाला होतात!"

दुभाष्यांचं घसा साफ करणं ह्या खेपेस बरंच लांबलं. शेवटी त्यांनी प्रश्न सांगितला. दोरीवालीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. इतके दिवस ते तिच्या लेखी माणूस नसून भिंतीतलं एक भोक होते. "विचित्र प्रश्न आहे," ती म्हणाली. "पण मलाही ऐकायचंय. द्या उत्तर."

"अक्का," दुभाषी पुटपुटले.

"म्हणजे?"

"थोरली बहीण."

"आणि वडिलांना?" वहिनीने विचारलं, आणि हाही प्रश्न त्यांना स्वतःच सांगावा लागला, आणि त्याचं उत्तरही स्वतःच. "भाऊ. म्हणजे... भाऊच."

दोरीवालीचा चेहरा पांढरा पडला. "तुमचे आईवडील," तिने अतिशय हळुवारपणे विचारलं, "भाऊ-बहीण होते?"

"अहो नाही!" दुभाषी खुर्चीतून ताडकन उठले. त्यांच्या तेल लावलेल्या केसांचं टोक उभं राहिलं आणि बोलण्याची सगळी इस्त्री मोडली. "नाही हो बाई! काय बोलताय! माझी आई भावंडांत सगळ्यांत मोठी, मावश्या लहानपणी आमच्याकडेच असायच्या, त्या तिला अक्का म्हणायच्या म्हणून मीपण! वडिलांना अख्खी आळी भाऊ म्हणायची! आमच्यात असंच असतं! घर ज्याला जी हाक मारतं तीच मूल मारतं. माझा एक मित्र वडिलांना काका म्हणतो, माझी बायको तिच्या आईला ताई म्हणते. आणि हिच्या," त्यांनी गुंडीकडे बोट केलं, "हिच्या घरात आत्या राहत असणार, ती ह्यांना दादा आणि ह्यांना वहिनी म्हणत असणार. हे शेंबड्या पोरालाही कळेल!"

"मग हे त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" वहिनी गरजली. आता राग पुन्हा आपल्या जागी आला होता. "दातखिळी बसली होती?"

"मला कुणी विचारलं नव्हतं," दुभाषी ओशाळून म्हणाले.

"विचारलं नव्हतं! माझी पोर हातातून जायला निघाली होती, आणि हे विचारायची वाट बघत बसले होते! माझ्या फळीवरचे प्लॅस्टरचे जबडे बरे तुमच्यापेक्षा! त्यांना निदान जीभ नाही म्हणून ते बोलत नाहीत!"

ह्याचा अनुवाद दुभाष्यांनी केला नाही. पण दोरीवालीला तो लागलाही नसावा. ती पुन्हा गुंडीसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने दुभाष्यांची वाट न पाहता, वेडावाकडा का होईना, तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला. "व-हि-नी. वहिनी म्हणजे काय?"

एवढा सोपा प्रश्न मोठ्या माणसाने विचारावा ह्याचं गुंडीला नवल वाटलं. "वहिनी म्हणजे वहिनी," तिने सांगितलं. मग तिला शंका आली, आणि तिचा आवाज एकदम कणवेने भरला. "तुला नाहीये?"

 "ती विचारते," दुभाषी म्हणाले, "तुम्हाला वहिनी नाही का?" भावाची बायको असं ते म्हणाले नाहीत. तो शब्द त्यांनी तसाच राहू दिला.

दोरीवाली गुडघे झटकून उठली. मग टेबलाशी जाऊन कागद उलटेपालटे करू लागली. मूल जे म्हणतं ते नातं आहे की टोपणनाव, हे लिहायला कुठे जागाच नव्हती. नियम करणाऱ्यांच्या घरी बहुधा सगळे एकमेकांना अर्जातल्या नावांनीच हाका मारत असावेत. अखेर अगदी तळाशी तिला एक ओळ सापडली: अर्जदार अन्य कोणत्या नावाने ओळखला जात असल्यास. तिने तिथे एक शब्द लिहिला. दादाच्या कागदावरही एक लिहिला. मूल ज्यांना दादा आणि वहिनी म्हणत होतं ती माणसं आणि समोर बसलेले अर्जदार आता कागदावरही एकच झाले.

"झालं," ती म्हणाली. "तिघांचा अर्ज एकत्रच जाईल."

दादाने डोळे पुसले. वहिनीने कागद ओढून वाचला.

"उर्फ?" ती म्हणाली. "उर्फ वहिनी? पेपरात दरोडेखोरांना लावतात तसं?"

"अगं, राहू दे," दादा म्हणाला. "चल आता."

"चल काय? मी काय बँक लुटली?"

दादाने तिला जवळजवळ उचलूनच बाहेर नेलं. दारात दुभाषी उभे होते. त्यांनी खाली मान घालून खिशातून एक चॉकलेट काढलं आणि गुंडीच्या हातावर ठेवलं. वहिनी त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. मग पिशवीतून डबा काढून त्यांच्या हातात कोंबला. "खाऊन घ्या. आणि डबा परत पाठवा. धुऊन."

यथावकाश तीन कार्डं आली. तिन्हींवर दात न दाखवणारे फोटो. वहिनीच्या कार्डावर तिच्या नावाखाली ठळक छापलेलं होतं: उर्फ वहिनी. सही, शिक्का, सगळं जिथल्या तिथे. आता सरकारदेखील तिला कायमची वहिनी म्हणणार होतं. त्यावर ती दिवसभर धुसफुसली, तळमजल्यावरच्या शेजारणीला कार्ड दाखवून धुसफुसली, आणि कारखान्यात जबड्यांसमोर ते उभं करून त्यांनाही सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकवली.

संध्याकाळी ती भाजी चिरत असताना गुंडी मागे येऊन उभी राहिली. पाय जुळवलेले, हात मागे.

"आई," ती म्हणाली.

सुरी थांबली. वहिनी वळली. आवाज चढला तो थेट खालच्या मजल्यापर्यंत. "आई काय, आई! परक्या बाईला हाक मारल्यासारखी! संपली ती परीक्षा! इथे बघ काय छापलंय, चांगलं शिक्का मारून दिलंय! काय म्हणायचं मला?"

गुंडीने कार्डाकडे पाहिलं. तिला अजून वाचता येत नव्हतं, पण बहुधा तिला ते वाचायची गरजही नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"आता बिस्किट नाही मिळायचं," वहिनी म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडून तिने तिच्या हातावर दोन ठेवली.